राउटर चपलांच्या कपाटात, वर्ल्ड कप हॉलमध्ये

घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या एका टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर राहणाऱ्या ताई विचारतात: "आम्ही केबल कधीच बंद केली. घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे, हॉलमध्ये सहा वर्षांचा ५५ इंची स्मार्ट टीव्ही. सासरे आणि सातवीतला मुलगा दोघंही फुटबॉलवेडे. २०२२ च्या फायनलला नेमक्या पेनल्टी सुरू झाल्या आणि टीव्हीवर चक्र फिरत बसलं. निकाल आम्हाला खालच्या मजल्यावरच्या आरडाओरड्यातून कळला. आता २०२६ चा वर्ल्ड कप, ११ जून ते १९ जुलै. सासरे म्हणतात केबल परत घ्या, नेटवाला म्हणतो ३०० चा प्लॅन घ्या, आणि सोसायटीचे सेक्रेटरी क्लबहाऊसमध्ये प्रोजेक्टर लावायचं म्हणताहेत. कुणाचं ऐकू? राउटर दाराजवळच्या चपलांच्या कपाटात वरच्या खणात आहे, त्याने काही फरक पडतो का?"

ताई, शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता टाकलंय, पण सगळं दुखणं तिथंच आहे.

मी ठाण्यात वायरी ओढायला लागलो तेव्हा नौपाड्यात या गच्चीवरून त्या गच्चीवर काळी जाड केबल टाकायची पद्धत होती. पावसाळ्यात सांध्यात पाणी शिरलं की अख्ख्या गल्लीच्या टीव्हीवर मुंग्या. २०१२-१३ च्या सुमाराला सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले, पुढे त्याच गिऱ्हाइकांनी नेट मागितलं, आणि आता मी फायबर जोडतो. केबलशी माझं वैर नाही, तिच्यावरच माझं घर उभं राहिलं. पण गेल्या दोन वर्ल्ड कपांत "मॅच अडकते" म्हणून जेवढ्या घरांत मला बोलावलं, त्यांतल्या बहुतेक घरांत बाहेरच्या लाइनला काही झालेलं नव्हतं. दारापर्यंत नेट ठणठणीत येतं आणि दारापासून टीव्हीपर्यंतच्या वीस-पंचवीस फुटांत त्याचा जीव जातो.

आधी ३०० च्या प्लॅनचा हिशोब करू. फुल एचडी सामन्याला साधारण ५ ते ८ एमबीपीएस लागतात, फोर-के असेल तर २० च्या आसपास. म्हणजे तुमच्या १०० मध्ये असे दहा एचडी सामने एकाच वेळी चालतील. डेटा म्हणाल तर ५ एमबीपीएसने तासाला सव्वादोन जीबी, दोन तासांच्या सामन्याला साडेचार. या वेळी ४८ संघ आणि १०४ सामने आहेत. सासऱ्यांनी एकही न सोडता सगळे बघितले तरी पावणेपाचशे जीबीच्या आत काम होतं, आणि घरगुती फायबरच्या बऱ्याच प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. तेव्हा ३०० चा प्लॅन घेतलात तर चपलांच्या कपाटापर्यंत तिप्पट वेगाने नेट येईल. चपलांना त्याचा उपयोग नाही.

आता भिंत. घरात फोटो लावायला खिळा ठोकून बघितलाय का कधी? हातोडी उडते, ड्रिल मशिनवाला बोलवावा लागतो, असं असेल तर तुमच्या भिंती विटांच्या नाहीत. घोडबंदर पट्ट्यातले बरेच नवे टॉवर मिवान पद्धतीचे आहेत: अॅल्युमिनियमचे साचे उभे करतात आणि स्लॅब, भिंती सगळं एकदम काँक्रीटमध्ये ओततात. आतून सळ्यांची जाळी असते. वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान खरा, पण अशी एक भिंत ओलांडताना त्याला धाप लागते आणि दुसऱ्या भिंतीत तो बसतो. मग टीव्ही आपसूक २.४ गिगाहर्ट्झवर जातो. तो भिंत पार करतो, पण तिथं गर्दी पाहा: एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. एकोणिसाव्या मजल्यावर फोनमध्ये वाय-फायची यादी उघडा, वर-खाली-शेजारची पंचवीस-तीस नावं दिसतील. सगळी त्या तीन चॅनेलांवर दाटीवाटीने बसलेली. वर मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात बोंब मारतो, म्हणून हाफटाइमला पॉपकॉर्न लावले की दुसऱ्या हाफची सुरुवात अडखळते. जुन्या नौपाड्यातल्या विटांच्या घरांत हा त्रास इतका नसतो. तिथं त्रास वेगळे.

२०२२ ची फायनल रविवारी रात्री साडेआठला होती. अख्खा टॉवर घरी, प्रत्येक घरातला टीव्ही आणि चार-चार फोन वाय-फायवर. सामना ३-३ होऊन पेनल्टीवर गेला तेव्हा जे बघत नव्हते त्यांनीही फोन उघडले असणार. तुमच्या टीव्हीला तेव्हा हवा पुरली नाही, असा माझा कयास. अॅपच्या बाजूनेही त्या क्षणी ताण आला असेल. त्यातला फरक कसा ओळखायचा ते पुढे सांगतो.

आजच एक परीक्षा करा. राउटरशेजारी उभं राहून फोनवर स्पीड टेस्ट केली की नव्वद-पंच्याण्णव दिसतात आणि नेटवाला तेच दाखवून निघून जातो. ती टेस्ट फोनची झाली, टीव्हीची नाही. टीव्हीचा ब्राउजर उघडून त्यातच टेस्ट करा, आणि तीही रात्री नऊच्या पुढे, शेजारपाजार घरी आल्यावर. तिथं सातत्याने २५ च्या वर आकडा दिसला तर माझं पुढचं सगळं सोडून द्या. ८, १२, ३ असा नाचत असेल तर वाचा.

उपाय एकच सांगतो, कारण बाकीचे मी सगळे करून दमलोय: राउटरपासून टीव्हीपर्यंत वायर लावा. लॅनची, म्हणजे नेटची, कॅट-६ जातीची. सहा वर्षांच्या ५५ इंची टीव्हीला मागे लॅनचा पोर्ट बहुधा असतोच. तो बहुतेक टीव्हींत १०० एमबीपीएसचाच असतो, आणि तेवढा भरपूर आहे.

"हॉलभर वायर दिसेल" असं आता घरात कुणीतरी म्हणेल. इथं माझ्या जुन्या धंद्यातली युक्ती कामाला येते. बिल्डरने दाराजवळच्या शाफ्टमधून किंवा बॉक्समधून हॉलच्या टीव्ही-पॉइंटपर्यंत भिंतीत पाइप टाकून ठेवलेला असतो, आणि त्यात तुमची बंद पडलेली केबलची वायर अजून आहे. ती काढून टाकू नका! तिच्या एका टोकाला नवी लॅनची वायर इन्सुलेशन टेपने निमुळती गुंडाळून बांधायची, दुसऱ्या टोकाने एकाने हळू ओढायचं आणि अलीकडच्याने सारत राहायचं. जुनी बाहेर येते, नवी आत जाते. सरळ पाइप असेल तर अर्ध्या तासाचं काम. वळणावर अडकली तर इलेक्ट्रिशियनची स्प्रिंग लागते. मात्र शाफ्टमधल्या विजेच्या वायरींना हात लावायचा नाही, आणि ज्या पाइपात वीज आहे त्यात लॅन घालायची नाही. टोकांना क्लिप मारायला नेटवाल्याच्या पोराला बोलवा. केबल परत घ्या म्हणणाऱ्या सासऱ्यांना सांगा, तुमची केबलच कामाला आली.

पाइप सापडलाच नाही तर स्कर्टिंगच्या कडेने पांढरी पट्टी मारून वायर न्या. तेही नको असेल तर निदान राउटर कपाटातून बाहेर काढून हॉलमध्ये, टीव्ही जिथून नजरेला पडेल अशा उंच जागी आणा. फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर लांब करून मिळते. ती कोपऱ्यावर काटकोनात मोडू नका, आत काच आहे. घरभर वाय-फाय पसरवायला मेश नावाचे दोन-तीन डबे विकतात ते वाईट नाहीत, पण काँक्रीटच्या भिंतीआडून एक डबा दुसऱ्याशी वाय-फायनेच बोलणार असेल तर पैसे पाण्यात.

नेट टीव्हीपर्यंत पोचलं की पुढचा अडथळा खुद्द टीव्ही. सहा वर्षांच्या टीव्हीत रॅम तुटपुंजी असते आणि अॅपवाले जुन्या मॉडेलांना एकेक करून सोडून देतात. अॅप उघडायलाच मिनिट घेत असेल तर टीव्ही बदलू नका. मागे लावायची स्ट्रीमिंग स्टिक काही हजारांत येते. फक्त एक बघा. सामन्याची चोरी होऊ नये म्हणून अॅप चित्राला कुलूप लावून पाठवतं आणि ते कुलूप कुठल्या पातळीवर उघडतं ते यंत्रावर ठरतं. अँड्रॉइडच्या यंत्रांत या कुलपाला वाइडवाइन म्हणतात. त्याची एल-१ पातळी असेल तर एचडी मिळतं. एल-३ असेल तर बरीच अॅपं हलक्या दर्जाचंच चित्र देतात, मग नेट कितीही असो. स्टेशनबाहेरच्या दुकानात मिळणारे बिननावाचे "सगळं फुकट" अँड्रॉइड बॉक्स बहुतेक एल-३ चेच. अशा बॉक्सवर ५५ इंचांवर चेंडू दिसत नाही, चेंडूचा धुरकट ठिपका दिसतो. स्टिकला लॅनचा पोर्ट नसेल तर वेगळा अॅडॅप्टर मिळतो.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये आपोआप बंद होण्याची सोय असते, तीन-चार तास रिमोटला हात लागला नाही की. ती काढून टाका. रात्री साडेबाराला सुरू झालेला सामना एक्स्ट्रा टाइममध्ये गेला आणि टीव्हीने स्वतःहून मान टाकली, असं माझ्या एका गिऱ्हाइकाच्या घरी झालंय. त्यांनी मला पहाटे फोन केला होता.

वेळांचं जरा नीट लिहून ठेवा. सामने अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत. न्यूयॉर्क या दिवसांत आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, लॉस एंजेलिस साडेबारा तास. त्यामुळे तिथल्या दुपार-संध्याकाळचे सामने आपल्याकडे रात्री साडेबारा, पहाटे साडेतीन, सकाळी साडेसहा अशा वेळांना येतात. मेक्सिको सिटीतला पहिला सामना, मेक्सिको विरुद्ध दक्षिण आफ्रिका, तिथल्या ११ जूनच्या दुपारचा. आपल्याकडे तेव्हा १२ तारखेचे रात्रीचे साडेबारा. न्यू जर्सीतली फायनल १९ जुलैची, आपल्याकडे २० जुलैचे साडेबारा, म्हणजे रविवारी रात्री जागायचं. सोमवारी रात्री अलार्म लावून बसलात तर फक्त हायलाइट्स मिळतील.

मध्यरात्रीचा एक फायदा म्हणजे शेजाऱ्यांची वाय-फायगर्दी ओसरलेली असते. तोटा तुमच्याच घरात. फोन चार्जिंगला लावले, वाय-फाय आहे, रात्र आहे, असं दिसलं की ते दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागतात. लॅपटॉप अपडेट ओढतो. मुलाच्या गेमचं ४० जीबीचं डाउनलोड रात्रीच चालतं. फायबरवर अपलोड तुंबलं की डाउनलोडही खोळंबतं, कारण टीव्हीची "पुढचा तुकडा पाठव" ही हाकसुद्धा त्याच रांगेत उभी असते. सामन्याच्या आधी हे बंद करा. राउटरमध्ये टीव्हीला अग्रक्रम द्यायची सोय असेल तर तीही लावा.

विजेचं मात्र सविस्तर सांगतो, कारण जून-जुलै म्हणजे पावसाळा. महावितरणची लाइट गेली तर तुमच्या सोसायटीचा जनरेटर बहुधा लिफ्ट आणि जिन्यालाच पुरतो. घरात इन्व्हर्टर असेल तर टीव्ही आणि राउटर दोन्ही त्यावर घ्या. नसेल तर राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस दीड-दोन हजारांच्या आसपास मिळतो, दोन-तीन तास खेचतो, आणि सामना फोनवर किंवा टॅबवर पूर्ण होतो. पण त्याआधी नेटवाल्याला एक प्रश्न विचारा: "आमच्या बिल्डिंगमध्ये तुमचा स्विच आहे का?" स्विच म्हणजे एका लाइनचं नेट अनेक घरांत वाटणारा, विजेवर चालणारा डबा. खरं फायबर, ज्याला जीपॉन म्हणतात, त्यात शाफ्टमध्ये नुसता काचेचा स्प्लिटर असतो, त्याला वीज लागत नाही, तुमचा राउटर जिवंत असला आणि पलीकडे ऑफिसला बॅकअप असला की नेट चालू. काही जण मात्र बिल्डिंगपर्यंत फायबर आणून पुढे गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या स्विचमधून लॅनची वायर घरात देतात. तो स्विच सोसायटीच्या मीटरवर. लाइट गेली की तो मेला, मग तुमच्या राउटरला यूपीएस लावून उपयोग काय? गच्चीवरच्या पेटीत बॅटरी आहे का ते जूनच्या आधीच विचारा. मॅच चालू असताना विचारलंत तर आमच्याकडून फक्त "चेक करतो" एवढंच उत्तर मिळतं.

राउटरवर लॉस (LOS) लिहिलेला लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबर तुटलंय किंवा कुठेतरी दबलंय. राउटर दहा वेळा बंद-चालू करून ते जुळत नाही. घोडबंदर रोडला मेट्रो-४ ची कामं, नाल्यांची कामं, वर्षभर कुणी ना कुणी खणत असतं. जेसीबीच्या दाताला फायबर आणि मातीतला फरक कळत नाही. अशा वेळी मोबाइलचा हॉटस्पॉट कामाला येतो. घरचं ब्रॉडबँड ज्या कंपनीचं, त्याच कंपनीचं सिम त्यासाठी ठेवू नका. जवळच्या टॉवरलाही तेच फायबर जात असेल तर दोन्ही एकदम बसतात.

हॉटस्पॉटवर दर्जा ७२० वर ठेवा. अडीच एमबीपीएसच्या हिशोबाने दोन तासांत सव्वादोन जीबी जातात. रोज दीड-दोन जीबीचं प्रीपेड असेल तर कोटा साधारण मध्यरात्रीच बदलतो. साडेबाराचा सामना नव्या दिवसाच्या कोट्यातून जाणार आणि सकाळी ट्रेनमध्ये चढल्यावर फोन कोरडा. जास्तीचं डेटा व्हाउचर आदल्या दिवशी टाका.

सामना अडला की सगळ्यात आधी काय? रिमोट आपटू नका, फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तेच अॅप उघडा. तिथं सुरळीत असेल तर दोष घरचा. तिथंही चक्र फिरत असेल, पण टीव्हीवर यूट्यूब झकास चालत असेल, तर गर्दी अॅपवाल्याच्या दाराशी आहे. तेव्हा दर्जा "ऑटो"वरून काढून एक पायरी खाली बांधा आणि थांबा. लॉगआउट अजिबात करू नका. लाखो लोक एकाच वेळी पुन्हा लॉगइन करायला जातात आणि ओटीपी येत नाही; माझ्या एका गिऱ्हाइकाने असाच आख्खा दुसरा हाफ ओटीपीची वाट बघत घालवला. लॉगइन आदल्या दिवशीच करून ठेवा, विशेषतः नंबर कामानिमित्त बाहेरगावी असलेल्या माणसाचा असेल तर.

आता अॅप कुठलं? २०१८ चा वर्ल्ड कप भारतात सोनी लिव्हवर होता. २०२२ चा जिओ सिनेमावर, तोही फुकट. २०२३ चा महिलांचा वर्ल्ड कप फॅनकोडवर. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओ सिनेमा आणि हॉटस्टार एकत्र होऊन जिओ हॉटस्टार झालं, म्हणजे तुम्ही ज्या अॅपवर ती फायनल बघितलीत ते नावच आता नाही. हक्क दर वेळी त्याच कंपनीकडे राहतील असं नाही. म्हणून सवयीने किंवा कुणाच्या फॉरवर्डवरून वर्षाचं पॅक घेऊ नका. फिफाच्या स्वतःच्या वेबसाइटवर देशवार प्रक्षेपकांची यादी असते. तिथं भारतासमोर जे नाव असेल त्याचंच पॅक घ्यायचं. घेण्याआधी तीन गोष्टी वाचा: टीव्हीवर चालतं की फक्त मोबाइलवर, एका वेळी किती स्क्रीन, आणि कुठपर्यंतचा दर्जा. "फक्त मोबाइल"चं स्वस्त पॅक घेऊन टीव्हीवर टाकायला गेलेले लोक मला दर वेळी भेटतात.

तारखांचा हिशोबही करा. स्पर्धा ३९ दिवसांची आहे. ११ जूनला तीस दिवसांचं पॅक घेतलंत तर ते १०-११ जुलैला संपेल आणि उपांत्य सामने १४-१५ जुलैला. एकच महिना परवडत असेल तर २० जूनच्या पुढे घ्या, बाद फेरी २८ जूनला सुरू होते. पैसे यूपीआयने भरताना ऑटोपेची परवानगी मागतात. फायनल झाली की यूपीआय अॅपमध्ये जाऊन ती रद्द करा.

फुकटचे दुवे, टेलिग्रामवरच्या एपीके फाइल्स, मुलाच्या मित्राने पाठवलेलं "लाइव्ह फुटबॉल" अॅप यांतलं काहीही घरातल्या फोनवर येऊ देऊ नका, आणि ज्या फोनवर बँक आहे त्यावर तर नाहीच. अशी अॅपं एसएमएस वाचायची परवानगी मागतात आणि ओटीपी परस्पर जातो. झालंच तसं काही तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन, सकाळची वाट बघायची नाही. व्हीपीएन लावून दुसऱ्या देशाचं अॅप बघणं त्या अॅपच्या अटींत बसत नाही, आणि खाली-वर फिरून आलेलं चित्र अडकतंही जास्त. मी तो नाद सोडून दिला.

सासऱ्यांसाठी एक वेगळी वाट आहे, तीही केबलविना. डीडी फ्री डिश. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की महिन्याचं भाडं नाही. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर झालेले सामने प्रसार भारतीला द्यावे लागतात, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ते सिग्नल दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवायचे, केबलवाल्यांना द्यायचे नाहीत. म्हणजे असा सामना दूरदर्शनला मिळाला तर तो सक्तीने केबलवर येईलच असं नाही, पण फ्री डिशवर दिसतो. मात्र स्पर्धेतले सगळे सामने या यादीत नसतात, मोजकेच मोठे असतात, तेव्हा ही मुख्य सोय नव्हे. छत्री लावायला ठाण्यातून आग्नेयेला मोकळं आकाश लागतं. तुमची बाल्कनी येऊरच्या डोंगराकडे तोंड करून असेल तर विषय संपला, आणि गच्चीवर लावायची तर सोसायटीची परवानगी.

सेक्रेटरींच्या प्रोजेक्टरबद्दल. घरगुती पॅक घरात बघण्यासाठी असतं, हे त्यांना दाखवा. सार्वजनिक प्रदर्शनासाठी फिफाचे स्वतंत्र नियम आहेत. तिकीट लावलं, कुणाचा बॅनर लावून पैसे घेतले, की तो धंद्याचा कार्यक्रम झाला आणि परवाना लागतो. अॅपवाल्याला आणि फिफाला लेखी विचारूनच पुढे जावं. दुसरं, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. बंद सभागृहात आतल्यापुरता आवाज चालतो, पण क्लबहाऊसच्या काचा उघड्या ठेवून रात्री साडेबाराला "गोल" ओरडलं की पोलीस कुणी बोलावले ते कधीच कळत नाही. तिसरी गोष्ट तांत्रिक, आणि ऐनवेळी नेमकी हीच आडवी येते: लॅपटॉप, एचडीएमआय वायर आणि प्रोजेक्टर यांतला एक जरी जुना असला, किंवा मधे व्हीजीएचा कन्व्हर्टर असला, तर अॅपचा मेनू दिसतो, आवाज येतो आणि सामन्याच्या जागी काळा पडदा. तेही कुलपाचंच काम. आदल्या रात्री तेच अॅप, तीच वायर, तोच प्रोजेक्टर लावून दहा मिनिटं खरा लाइव्ह कार्यक्रम चालवून बघा. यूट्यूब चाललं म्हणजे झालं असं समजू नका.

एवढं सगळं जुळवलंत तरी एक गोष्ट मी दुरुस्त करू शकत नाही: उशीर. २५ ऑक्टोबर २०१७ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपची सेमीफायनल होती, स्पेन आणि माली. मी आत होतो, पुतण्या घरी फोनवर लाइव्ह बघत होता. स्पेनचा गोल झाला, मी उड्या मारून झाल्यावर त्याला फोन लावला, "बघितलास?" तो म्हणाला, "काका, अजून बॉल मिडफिल्डलाच आहे." सामना ३-१ संपेपर्यंत त्याने मला पुन्हा फोन करू नको असं सांगितलं. स्ट्रीमिंगमध्ये चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करतात, प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जात तयार होतो, जवळच्या सर्व्हरवर येतो, आणि तुमचं अॅप असे दोन-तीन तुकडे हातात जमल्याशिवाय दाखवायला सुरुवात करत नाही, कारण पुढचा यायला उशीर झाला तर चित्र थांबायला नको. यात वीस ते चाळीस सेकंद सहज जातात. केबल आणि डिश त्याच्या बऱ्याच पुढे असतात. मधेच पॉज केलंत तर तुम्ही आणखी मागे पडता. "लाइव्ह"चं बटण दाबून पुन्हा टोकाला या.

तेव्हा सामन्याच्या वेळी सोसायटीचा आणि नातेवाइकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप म्यूट, गोलचे नोटिफिकेशन पाठवणारी अॅपं बंद, आणि हॉलची खिडकी लावून घ्या. सासऱ्यांना हे आधीच समजावून ठेवा. नाहीतर पेनल्टीच्या वेळी अठराव्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू आला की ते परत केबलचा विषय काढतील.